ब्रिस्टलच्या एव्हन गॉर्जमध्ये क्लाइंबिंगला परमिशन लागते का आणि सुरुवात कुठल्या रूटने करू?

मी चार वर्षं झाली इथे राहतोय, तुमच्यासारखाच ड्यूक्स नोज, लिंगाणा करून आलेला. परमिशन, तिकीट वगैरे काही नाही, गाडी लावा आणि चढा. फक्त वसंतात ससाणे घरटी करतात तेव्हा काही भाग बंद असतो, तेवढं बीएमसीच्या (म्हणजे ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल, मुंबईची नव्हे) साइटवर बघून निघा. आणि फटीत उगवलेली झाडंझुडपं उपटू नका, त्यातली काही जगात फक्त याच दरीत सापडतात.

खरा त्रास रस्त्याचा. नदी आणि कडा यांच्या मधून पोर्टवे जातो, ट्रकांची रांग संपत नाही, आणि मेन वॉल, म्हणजे दरीतला मुख्य कडा, थेट त्याच्या डोक्यावर. पहिल्याच दिवशी मी वरून 'स्लॅक, स्लॅक' (रोप सैल सोड) ओरडतोय आणि खाली मित्राला वाटलं 'टाइट' (घट्ट ओढ) म्हणतोय, त्याने रोप असा ताणला की पाय सुटता सुटता राहिला. तेव्हापासून आम्ही रोपला झटके देऊनच बोलतो, तुम्ही पण खालीच ठरवून घ्या किती झटके म्हणजे काय.

दगड चुनखडीचा, आपल्या बेसॉल्टसारखा खरखरीत नाही. गाजलेल्या रूटवरचे होल्ड, म्हणजे हातापायाच्या पकडी, तर देवळाच्या उंबऱ्यासारखे गुळगुळीत झालेत, थंडीत काचच. जुन्या गंजक्या मेखा दिसतील, त्यांच्या भरवशावर राहू नका, नट्स आणि कॅम (फटीत अडकवून रोप लावायची साधनं) स्वतःचे लावा. मॅलबोगीज मोहात पाडेल, १९५७ साली प्रसिद्ध ब्रिटिश गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन आणि मंडळींनी मेन वॉलवर काढलेला तो पहिला रूट, पण ग्रेड, म्हणजे अवघडपणाची पातळी, एचव्हीएस म्हणजे हार्ड व्हेरी सिव्हिअर, पहिल्या महिन्यात नकोच.

त्यापेक्षा मी सांगेन विंटूर्स लीप या कड्यावर जा, चेपस्टोजवळ वाय नदीवर. तिथला बॉटल बट्रेस हा रूट करा, ग्रेडचं नाव 'व्हेरी डिफिकल्ट' आहे पण इथल्या हिशोबात तो सोप्यातला (ही नावं कोणी ठेवली देव जाणे). मजा म्हणजे गाडी वर वुडक्रॉफ्ट गावात, तुम्ही जुन्या खाणीच्या वाटेने खाली उतरायचं आणि चढून परत गाडीपाशी. वर लोकांची घरं आहेत, तेवढा आरडाओरडा कमी.

हो, आणि पोर्टवेवर गाडीत बॅग ठेवू नका, माझी काच एकदा फुटलीये.