एटीपीएल आहे ना, मग पूर्ण कोर्सचे पैसे भरू नका

प्रश्न: मी ए-३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं) एटीपीएल, म्हणजे एअरलाइन पायलटचं सर्वांत वरचं लायसन्स आहे, उड्डाणाचे २,९०० तास झालेत. बायकोला म्युनिकला नोकरी लागलीय, वर्षभरात मलाही तिकडे जायचंय. एका ट्रेनिंग स्कूलने सांगितलं की युरोपचं लायसन्स हवं तर थिअरीचा अख्खा कोर्स पहिल्यापासून करावाच लागतो. एवढा खर्च झेपणार नाही. दुसरा मार्ग आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आहे, आणि पैसे भरायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. तो ६५० तासांचा कोर्स नव्याने शिकणाऱ्यांसाठी असतो. बाहेरच्या देशाचं एटीपीएल असेल तर २०२०/७२३ या युरोपियन नियमात सवलत आहे, म्हणजे एटीपीएलला लागणारे तास पुरे असतील आणि ज्या विमानावर स्किल टेस्ट (उड्डाणाची परीक्षा) देणार त्याचं टाइप रेटिंग (ते विशिष्ट विमान उडवायची परवानगी) चालू असेल तर कोर्स माफ होऊ शकतो. परीक्षा मात्र माफ नाही हं! तेराच्या तेरा पेपर, प्रत्येकात ७५ टक्के, एका विषयाला चारच प्रयत्न, आणि पहिला पेपर दिला तो महिना संपल्यापासून १८ महिन्यांत सगळं उरकायचं. अभ्यास घरी बसून, प्रश्नसंचाचं सबस्क्रिप्शन आणि कोणाची तरी जुनी पुस्तकं घेऊन होतो.

आता आज घरी गेलात की लॉगबुक काढून बसा. एकूण १,५०० तास आणि मल्टी-पायलट (दोन पायलट लागणाऱ्या विमानावरचे) ५०० तर तुमचे झालेतच, लोक अडकतात ते पी-वनच्या, म्हणजे प्रमुख पायलट म्हणून केलेल्या तासांच्या कॉलममध्ये. २५० तास पीआयसी (स्वतः प्रमुख पायलट), नाहीतर ५०० तास पी-वन अंडर सुपरव्हिजन (कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रमुख पायलटचं काम), नाहीतर दोन्ही मिळून २५० पण त्यात पीआयसी किमान ७०, यातलं एक बसलंच पाहिजे. रात्रीचे १०० तासही वेगळे मोजा, आणि प्रत्येक पानाची बेरीज परत तपासा.

आणि कळकळीने सांगते, राजीनामा आधी देऊ नका. नोकरी सोडली, टाइप रेटिंग संपलं की ही सवलत गेली, मग खरंच कोर्सचा खर्च अंगावर येतो. उडता उडता पेपर द्या, सुट्ट्या जोडून दोन-तीन फेऱ्यांत बसवा.

देश एकच निवडा, सगळे पेपर त्याच देशाच्या अथॉरिटीकडे द्यावे लागतात, मेडिकल आणि लायसन्सही तिथेच ठेवा. जर्मनीच हवी असं नाही, ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा यांचे फीचे तक्ते शेजारी ठेवून बघा, आणि कोर्स माफ आहे हे त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घ्या. सगळ्यात आधी क्लास वन मेडिकल (व्यावसायिक पायलटची वैद्यकीय तपासणी) करा, पहिलं मेडिकल युरोपची मान्यता असलेल्या एरोमेडिकल सेंटरलाच होतं, तिथे काही निघालं तर बाकीचे पैसे तरी वाचतील. लंडनच्या स्वस्त ऑफरला भुलू नका, २०२१ पासून ब्रिटनचं लायसन्स वेगळं आहे, म्युनिकला ते चालणार नाही. कामाच्या परवान्याची काळजी तुम्हाला कमी आहे, बायकोमुळे मिळणाऱ्या रेसिडेन्स परमिटवर जर्मनीत नोकरी करता येते.

डीजीसीएकडून लायसन्स व्हेरिफिकेशन (तुमचं लायसन्स खरं असल्याची खात्री) लागेलच, ते शेवटच्या पेपरपर्यंत लांबवू नका.