वाचत नाही, पाठ म्हणतो!

"मॅडम, हा फसवतो मला. वाचत नाही, पाठ म्हणतो." खुर्चीत नीट टेकायच्या आतच आईने तक्रार मांडली. मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. शेजारी बसून बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दर शनिवारी ती त्याला सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात नेई. तिथे तो हटकून तेच पुस्तक उचले, हरवलेल्या हत्तीच्या पिल्लाचं. घरी घडाघडा म्हणून दाखवी. "पण पान उलटायचं राहिलं तरी याची गोष्ट आपली पुढे चालूच! मग वाचनालयात नेऊन उपयोग काय?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. पुस्तक सोबत होतंच. मी एका पानावरचं चित्र कागदाने झाकलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं : 'सूर्य'. तो अडला. अडणारच, रफार बसतो 'य'च्या डोक्यावर आणि उच्चारायचा मात्र 'य'च्या आधी. ऱ्हस्व वेलांटीचं याच्या उलट, ती अक्षराच्या आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. आपल्याला सवयीने हे जाणवतही नाही. मुलाने काय केलं? बोट ओळीच्या सुरुवातीला नेलं, पुटपुटत एकेका शब्दावरून सरकत आला आणि माझ्या बोटाला येऊन धडकला. "सूर्य!"

याला मी फसवणूक म्हणणार नाही. कठड्याला धरून जिना चढावा, तसं हे आहे. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की अक्षरांकडे बघायला मन मोकळं राहतं. एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याची रीत अमेरिकन अभ्यासक जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये मांडली, तिच्यामागचा विचारही याच्या जवळचाच : शब्द ओळखणं सरावाने आपोआप होऊ लागलं की मन अर्थाकडे मोकळं होतं. 'हे पुस्तक झालंय ना, दुसरं घे' म्हणणाऱ्या पालकांचा मला थोडा रागच येतो. मात्र डोळे छताकडे आणि तोंड सुरू, असं असेल तर ते नुसतं पाठांतर. शब्दाखाली बोट फिरत असेल तर वाचन सुरू झालंय.

बालविभागातल्या गोष्टीच्या तासाला नेमकं हेच चालतं. तिथल्या ताई पुस्तक मुलांकडे वळवून, ओळीखाली बोट फिरवत वाचतात. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं गणित मांडलं होतं : अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. एक शून्य, तर गुणाकार शून्य. गोष्ट ऐकताना समज वाढते, सरकणाऱ्या बोटामुळे उकल. शिवाय तिथे कोणी मार्क देत नाही.

हे सगळं मी आईला समजावलं आणि कागदावर लिहून दिलं : रोज दहा मिनिटं, अडलेले शब्द इथे टिपा. पुढच्या भेटीत कागद परत आला, चार घड्या घातलेला आणि कोरा. माझा आवाज चढला. "रोज दहा मिनिटंही निघत नाहीत?" ती गप्प.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या दिवशी फॉर्म तिने मला भरायला लावला होता, 'चष्मा घरी राहिला' म्हणून. चष्मा आजही नव्हता. आणि मुलगा पाठ म्हणतो हे तिला कशावरून कळायचं? तर पान उलटलं नाही म्हणून. शब्दांवरून नाही.

मुलाला बाहेर चित्र काढायला बसवलं आणि हलकेच विचारलं. "नाव येतं, पाट्या येतात," ती म्हणाली. "ओळी आल्या की डोकं बंद पडतं. वर्षभरात हा माझ्यापुढे जाईल. त्याला कळलं तर?"

प्रौढांच्या वर्गाचा विषय निघताच तिने मान हलवली. तिथे नाव लिहायचं, बाकावर बसायचं, कोणीतरी बघणार. बालविभागात मात्र लहान मुलांचं पुस्तक हातात धरलेल्या आईला कोणी काही विचारत नाही. 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी एक. हत्तीच्या पिल्लाला तिशी ओलांडलेली वाचक मिळाली, इतकंच. इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्को यांच्या १९९४ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही बालवयापासून वाचनाची सवय आणि सर्व वयोगटांसाठी साक्षरता, ही दोन्ही कामं ग्रंथालयाची म्हणून नोंदवली आहेत.

तिच्या परवानगीने मी ताईंशी बोलले. त्यांनी गाजावाजा केला नाही. गोष्टीच्या वेळी आईला बोट दिसेल अशी पुढची जागा दिली, एवढंच. मी गृहपाठ बदलला. मुलाने वाचायचं, आईने बोट फिरवायचं, दोघांपैकी कोणीही अडलं की तिथे कागदाची चिठ्ठी घालायची आणि शनिवारी ताईंना विचारायचं. लिहायचं काहीच नाही.

मुलाचे डोळे आणि कान तपासून घेतले होते, ते ठीक होते. नियमित सराव होऊनही महिनोन्‌महिने साधी अक्षरंच निसटत राहिली, तर मात्र तज्ज्ञांकडून वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. ते काम वाचनालयाचं नाही.

तिसऱ्या महिन्यात दोघं आली तेव्हा पिशवीत दोन पुस्तकं होती, हत्तीचं आणि एक नवं, जरा जाड. नव्यातून पाच चिठ्ठ्या डोकावत होत्या. मी मुलाकडे बघून विचारलं, "इतके शब्द अडले?"

"चार माझ्या आहेत," आई म्हणाली. "त्याची एकच."