डेक्कन क्लिफहँगर सोलो: आधी पोटाचं बघा

तुम्ही विचारलंय, 200 आणि 300 किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल राइड्स) झाल्यात, आता पुणे–गोवा डेक्कन क्लिफहँगर ही सायकल शर्यत एकट्याने करायची आहे, तर आठवड्याला किती किलोमीटर मारू? आणि जाता जाता लिहिलंय की 300 च्या शेवटी मळमळायला लागलं, काही खाववेना, उलटी झाली. माझ्या मते खरा प्रश्न हा दुसराच आहे.

किलोमीटरचं पटकन सांगतो. नोकरी सांभाळून आठवड्याला 200-250 पुष्कळ झाले, फक्त शनिवार-रविवार लागोपाठ चालवा. पाय आंबलेले असताना रविवारी पहाटे पुन्हा निघायची सवय हवी. चढासाठी खंबाटकी घाट, मग वाईहून पसरणी. शर्यतीआधी 400 ची बीआरएम कराच. तिला 27 तास मिळतात, म्हणजे अख्खी रात्र सायकलवर जाते. ते घरात सायकल जागेवर लावून चालवायच्या ट्रेनरवर होत नाही.

आता पोट. जोर लावताना रक्त पायांकडे आणि घाम काढायला कातडीकडे जातं, आतड्याच्या वाट्याला कमी उरतं. अशा वेळी भर उन्हात, घाटात, जेलवर जेल (पुडीतली घट्ट, गोड पेस्ट) ढकलली की ती पुढे सरकतच नाही. पोट डबडबतं आणि मग उलटी. म्हणून घाटाच्या पायथ्याच्या वीसेक मिनिटं आधी खाऊन घ्या, चढावर नुसते घोट, खाणं पुन्हा माथ्यावर. तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं हे सुरुवातीला चांगलं लक्ष्य आहे. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, यावरून अंदाज येईल. पण आज 30 पचत असतील तर शर्यतीत एकदम 60 पचणार नाहीत. पायांसारखा पोटाचाही सराव लागतो. दोनेक महिने प्रत्येक लांब राइडला थोडं थोडं वाढवत न्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला डोळे मिटून पाळू नका. घामातून मीठ जातंय आणि तुम्ही नुसतं साधं पाणी ढोसताय, तर रक्तातलं सोडियम उतरतं. त्यातही मळमळ आणि डोकेदुखीच होते. माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी पितो आणि प्रकरण चिघळतं. बोटं सुजून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा आवळायला लागला तर संशय घ्या. सोपी तपासणी म्हणजे लांब राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. परतल्यावर वजन वाढलेलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. एका बाटलीत ओआरएस ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात.

रात्री गोडाचा वीट येतो, हे धरूनच चाला. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, मऊ खिचडी, मेतकूट-तूप-भात असलं काहीतरी क्रूच्या, म्हणजे मागून येणाऱ्या मदतनीसांच्या, गाडीत हवंच. दही-भात नेणार असाल तर दही बर्फाच्या पेटीत वेगळं ठेवा, आयत्या वेळी कालवा. हायवेवरचा रात्री दोनचा वडापाव कितीही खुणावला तरी तो क्रूने खावा.

क्रूबद्दल थोडं सविस्तर, कारण सोलो हा शब्द फसवा आहे. पहाटे तीन ते पाच शरीर झोपायला बघतं, त्या वेळी ‘काय हवंय?’ विचारलं की स्वार ‘काही नको’ म्हणणार. म्हणून विचारायचंच नाही, वेळ झाली की हातात द्यायचं. कधी काय खाल्लं-प्यायलं ते एकाने वहीत लिहायचं. सायकल पांढऱ्या पट्टीवरून झुलायला लागली, उत्तरं उशिरा यायला लागली, की थांबवायचं आणि वीस मिनिटं झोपवायचं. झोपण्याआधी कपभर कॉफी घेतली तर उठेपर्यंत ती चढायला लागते. हा निर्णय क्रूप्रमुखाचा, स्वाराचा नाही. आणि रात्रीचा ड्रायव्हर दिवसा झोपलेला असलाच पाहिजे, कारण पेंगणारी गाडी तुमच्याच मागे असणार.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेला नस दबतेय. पकड सतत बदलत राहा, हँडल थोडं वर घ्या. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालू नका, कोरडी जोडी बरोबर ठेवा. मान लुळी पडण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. 1983 च्या रॅममध्ये (‘रेस अक्रॉस अमेरिका’, अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत) मायकेल शर्मर या स्वाराला तो त्रास झाला आणि दुखण्याला त्याचंच नाव पडलं. पण तिथे 4,800 किलोमीटरच्या आसपास अंतर आणि कित्येक दिवस असतात. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे अमित समर्थ यांनी ती सोलो पूर्ण केली, तेव्हापासून क्लिफहँगरवाल्या प्रत्येकाला अमेरिका दिसते. आत्ता साडेसहाशेच्या आतलं बघा.

शर्यतीत उलटी झालीच तर दहा मिनिटं सावलीत बसा, चूळ भरा, ओआरएसचे चमचा-चमचा घोट घ्या, वेग उतरवा. वीसेक मिनिटांनी दोन घास भात. दुखतंय म्हणून ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नका, अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला महागात पडतात. लघवी कोलाच्या रंगाची झाली, उलटीत रक्त दिसलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सायकल गाडीवर टाकून थेट हॉस्पिटल.

त्या 300 ला कुठे, काय आणि किती खाल्लं-प्यायलं होतं ते आठवेल तसं लिहा. त्यावरून खाण्याचा तक्ता बसवून देतो.