हल्ल्यातून वाचलेल्या पोलिसाने पुढे गप्प बसावं का?

तुम्ही विचारलंय की ज्युलिओ रिबेरोंसारख्या, हल्ल्यांतून वाचलेल्या पोलीस अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसायचं सोडून लोकांत मिरवायचं कशाला, आणि त्याच्या सुरक्षेचं काय? 'मिरवणं' हा शब्द आमच्या घरात फार वर्षं ऐकलाय, म्हणून लिहितेय.

माझे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते. जानेवारी 1993 च्या दंगलीत बंदोबस्तावर असताना दगड लागून त्यांचा डावा डोळा गेला. पुढे हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी पोलीस आणि रहिवाशांच्या मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या, तेव्हा ते ड्युटी संपल्यावर त्याच गल्लीतल्या बैठकांना जायला लागले. काका चिडायचे. "डोळा घालवलास आणि त्यांच्याच घरचा चहा पितोस? घाव मिरवू नयेत, दादा." वडील ताटावरून न उठता जेवत राहायचे.

मी दहावीत असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. एका लहान पोराने विचारलं, "चाचा, आँख को क्या हुआ?" त्याच्या आजीने त्याला दटावलं. वडील म्हणाले, विचारू दे. त्याला दारात नेऊन बोट दाखवलं, "तिथे, पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो." आत आले आणि नळाच्या भांडणाचा राहिलेला विषय पुढे सुरू केला. ती आजी पुढची सगळी बैठक पदराने डोळे पुसत होती. काका, याला मिरवणं म्हणतात?

त्या कमिट्या उभ्या करणाऱ्यांत रिबेरो होते, तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वेही होत्या. रिबेरो पंजाबचे पोलीसप्रमुख असताना त्यांच्यावर 1986 मध्ये जालंधरला पोलिसांच्याच आवारात, पोलिसी गणवेश घालून आलेल्या अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. पत्नीही जखमी झाल्या. 1991 मध्ये ते रोमानियात भारताचे राजदूत असताना बुखारेस्टमध्ये पुन्हा हल्ला. एवढं सोसलेल्या माणसाने 2015 मध्ये लिहिलं की ख्रिश्चन म्हणून आपल्याच देशात परकं वाटू लागलंय, तर लोक म्हणाले, आता कशाला बोलता? मग बोलायचं कुणी? ज्याला ओरखडाही उठला नाही त्याने?

नोकरीत असताना राजकीय बोलायला नियमांची आडकाठी असते. निवृत्तीनंतर बोलावं, माझं मत स्पष्ट आहे. फक्त हल्ला सोसला म्हणून प्रत्येक मत बरोबर ठरत नाही, हेही खरं. पंजाबातल्या पोलीस कारवायांबद्दल मानवाधिकारवाल्यांनी विचारलेले प्रश्न रिबेरोंच्या जखमांनी पुसले जात नाहीत.

सुरक्षेचं विचारलंत, त्यातलं मला फार कळत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर आधी त्यांच्या बायकोला विचारा. आमची आई बैठकीला कधी नको म्हणाली नाही, पण वडील परत येईपर्यंत जेवायचीही नाही. काकांना हे माहीत होतं. ते फक्त वडिलांशी भांडायचे, आईला त्यांनी एकदाही विचारलं नाही.