बोस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स २०११ मध्ये ऐन शेवटी ढेपाळला, ते चाहत्यांनी कसं पचवलं?

पचवलं कुठे, गिळलं! सप्टेंबरच्या सुरुवातीला वाइल्ड कार्डच्या (गटविजेता नसलेल्या संघालाही बाद फेरीत नेणाऱ्या जागेच्या) शर्यतीत बोस्टनकडे नऊ सामन्यांची आघाडी होती. मग महिनाभरात ७ विजय, २० पराभव. २८ तारखेची रात्र तर कहरच: बाल्टिमोरमध्ये विजय एका बळीवर असताना बोस्टनच्या पॅपेलबॉन या पिचरने (चेंडू फेकणाऱ्याने) ३-२ची आघाडी घालवली आणि काही मिनिटांतच तिकडे त्याच जागेसाठी झुंजणाऱ्या टँपा बेने ०-७ वरून यांकीजना हरवलं. खेळ खल्लास.

जुन्या चाहत्यांना १९७८ आणि १९८६ मध्ये हातातोंडाशी आलेला घास कसा गेला ते पाठ होतं, त्यांनी नुसती मान हलवली. पुढे पिचर मंडळी सामना चालू असताना आत ड्रेसिंग रूममध्ये तळलेलं चिकन आणि बिअर झोडत असल्याच्या बातम्या आल्या. मग काय, रागाला निदान पत्ता तरी मिळाला! २०१३ मध्ये विजेतेपद आलं, तरी चिकनचे टोमणे सुटले नाहीत.