घंटा कोणती, हे तिला कसं कळेल?

प्रश्न : दाराची घंटा वाजली की आमची कुत्री दाराकडे धावते, पण मोबाइल वाजला तरी तेच! तिला फरक कळत नाही का?

उत्तर : फरक तिला ऐकू येतो, तो महत्त्वाचा आहे, हे अजून कळलेलं नाही. दाराच्या घंटेला धावली तर खाऊ द्या. मोबाइलला काहीच नको, रागावणंही नको. माझं कुत्रं असंच शिकलं. मोबाइल वाजला की नुसता एक कान हलायचा.

सुरुवातीला मोबाइलचा सूर घंटेहून अगदी वेगळा ठेवा. प्राण्यांच्या शिकण्यावर प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला वर्तुळ दिसलं की खाणं मिळे, लंबवर्तुळाला नाही. लंबवर्तुळ गोल करत करत लांबी-रुंदीचं प्रमाण ९:८ वर, म्हणजे जवळजवळ वर्तुळावरच आणलं, तेव्हा ते शांत कुत्रं किंचाळू लागलं. आधी सहज ओळखलेला फरकही गेला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.