गवत वाढू द्या, पण कडा कापा

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या घरामागचं लॉन न कापता तसंच वाढू दिलं तर चालेल का, आणि शेजारी काय म्हणतील. चालतं. मी नऊ वर्षं इथे आहे, त्यातली सात माझं लॉन उन्हाळाभर गुडघ्याएवढं असतं. पण पहिली दोन वर्षं मी जे केलं ते तुम्ही करू नका.

सगळ्यात आधी भाडेकरार काढा. बागेबद्दल एखादं कलम बहुतेक करारांत असतंच, साधारण 'बाग नीटनेटकी ठेवावी' अशा शब्दांत. नीटनेटकी म्हणजे काय, हे घर सोडताना घरमालक ठरवायला बसतो. म्हणून आधीच ईमेलवर विचारून लेखी होकार घ्या आणि राहायला आल्या दिवशी लॉनचे फोटो काढून ठेवा. तुमचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवणं घरमालकाला बंधनकारक आहे. त्यातून बागेसाठी पैसे कापले तर तिथे दाद मागता येते, पण तिथे फोटो आणि कागदच बोलतात.

कायद्याची भीती बाळगू नका. अमेरिकेत अनेक शहरांनी गवताची कमाल उंची ठरवून दिलेली असते आणि दंडही होतो. ते किस्से वाचून लोक इथेही घाबरतात. इंग्लंडमध्ये असा इंचांचा नियम नाही. १९९० च्या नियोजन कायद्याच्या २१५ व्या कलमाखाली, परिसराची शोभा जात असेल तर जागा साफ करा अशी नोटीस काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, देऊ शकते. पण ते हत्यार मोडक्या गाड्या, कचऱ्याचे ढीग अशांसाठी. डेझीची फुलं पाहून कुणी ते उपसत नाही.

उरले शेजारी, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिल्या वर्षी मी निव्वळ आळसापोटी गवत वाढू दिलं आणि त्याला निसर्गप्रेम असं नाव दिलं. मेअखेर तुरे आले. शेजारचे आजोबा कुंपणावरून डोकावून म्हणाले, "मोअर (गवत कापायचं मशीन) बिघडलंय का तुमचं? माझं न्या हवं तर." मी म्हटलं, "थँक्यू, आमचं छान चालतंय." ते "ओह, राइट" म्हणून आत गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शेजारी किती चांगला, दोनदा मशीन देऊ केलं, असं मी ऑफिसात कौतुकाने सांगितलं, तर इंग्लिश सहकारी हसून बेजार. "अरे, तो तुला गवत काप म्हणतोय!" इथे तक्रार अशीच येते, मदत बनून. आणि 'थँक्यू, चालतंय' हे आपलं उत्तर त्यांना उद्धट वाटत असतं, हे आपल्या गावीही नसतं.

दुसऱ्या वर्षीही तेच चाललं. शेवटी मीच त्यांच्या दाराशी गेलो. त्यांची गाऱ्हाणी दोन होती. माझ्या डॅन्डेलियन या पिवळ्या रानफुलाच्या म्हाताऱ्या, म्हणजे कापसासारख्या बिया, उडून त्यांच्या लॉनमध्ये रुजत होत्या, आणि त्यांच्या बायकोला 'हे फिव्हर', म्हणजे परागकणांची ॲलर्जी होती. पहिल्यावर मी वाद घातला असता. दुसऱ्यावर काय बोलणार? गवत फुलोऱ्यावर आलं की परागकण सोडतं आणि वरचेवर कापलेलं गवत फुलोऱ्यापर्यंत पोचतच नाही. परागकण काय, साऱ्या गावातून येतात, पण माझे त्यांच्या खिडकीखालीच होते. तेव्हापासून त्यांच्या बाजूचा दोन-अडीच मीटरचा पट्टा मी आखूडच ठेवतो, आणि डॅन्डेलियनची फुलं म्हातारी होण्याआधी खुडतो.

तिसऱ्या वर्षापासून आणखी एक केलं: चारी कडा कापल्या आणि मधून एक नागमोडी वाट काढली. गवत तेवढंच, पण बघणाऱ्यांचा सूर बदलला. जोन नासाउअर या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: रानटी दिसणाऱ्या जागेभोवती काळजीच्या खुणा असल्या की लोक ती स्वीकारतात. कापलेली कड म्हणजे 'इथे कुणी राहतं आणि हे मुद्दाम केलंय' एवढा निरोप. आपण परके, आपल्याकडे तर आधीच बारीक नजर असते, म्हणून हा निरोप आपल्याला जरा जास्तच लागतो. घरापुढचं गवत मात्र पहिल्या वर्षी कापत चला. ते अख्ख्या गल्लीला दिसतं.

वारं आता तुमच्या बाजूने आहे. प्लांटलाइफ ही संस्था २०१९ पासून 'नो मो मे' म्हणजे मे महिन्यात गवत न कापण्याची मोहीम चालवते, आणि ते नाव घेतलं की निम्मी चर्चा तिथेच संपते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं १७७२ पासूनचं लॉन, त्याचाही मोठा तुकडा आता रानफुलांचं कुरण झालाय.

नुसतं सोडून दिलं की फुलं येतात, हा गैरसमज मात्र डोक्यातून काढा. सकस जमिनीत दांडगं गवतच माजतं. यलो रॅटल या रानफुलाचं बी शरद ऋतूत पेरा. ते गवताच्या मुळांवर जगतं आणि त्याचा जोर मोडतं, पण रुजायला त्याला हिवाळ्याची थंडी लागते. उन्हाळा सरताना कापा आणि कापलेलं सगळं उचलून न्या. तिथेच कुजलं तर जमीन आणखी सकस होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा गवतच. कापण्याआधी पायाने गवत हलवत एक फेरी मारा. मला एकदा पात्यापासून वीतभर अंतरावर बेडूक दिसला होता, आणि साळिंदराचा छोटा भाऊ शोभावा असा हेजहॉग तर पळतही नाही, जागीच वेटोळं करून बसतो.

साधं मोअर एवढ्या उंच गवतात घुसमटून बंद पडतं. त्यामुळे ऑगस्टअखेर मीच आजोबांच्या दारी जातो, त्यांचा स्ट्रिमर, म्हणजे फिरत्या दोरीने गवत कापायचं यंत्र, मागायला. ते देतात, आणि मी नीट कापतोय ना हे बघायला कुंपणापाशी उभे राहतात.